जॅझमधला गर्श्विन

जॉर्ज गर्श्विन (१८९८–१९३७) हा अमेरिकन रंगभूमीचा संगीतकार. त्याची बहुतेक गाणी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर होणाऱ्या संगीतिकांसाठी आणि अखेरच्या काळात हॉलिवूडच्या चित्रपटांसाठी लिहिलेली आहेत. त्यातल्या कितीतरी संगीतिका आज कुणी करत नाही आणि त्यांची कथानकेही लोक विसरले आहेत. गाणी मात्र टिकली, आणि ती टिकवण्यात मोठा वाटा जॅझच्या वादक-गायकांचा आहे. त्यांनी ती जशीच्या तशी जपली नाहीत. कुणी चाल ठेवून लय बदलली, कुणी चाल सोडून तिच्याखालची कॉर्डांची रचना उचलली, तर कुणी कॉर्डही दूर सारून गाण्याचा केवळ भाव ठेवला. गर्श्विनच्या पंधरा-वीस गाण्यांचा मागोवा घेतला तरी जॅझ कसा बदलत गेला हे स्पष्ट दिसते.

संगीतकाराची जडणघडण

गर्श्विनचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात २६ सप्टेंबर १८९८ रोजी झाला. आईवडील रशियातून आलेले ज्यू. पंधराव्या वर्षी शाळा सोडून तो रेमिक या संगीत प्रकाशकाकडे नोकरीला लागला. त्या काळी गाण्यांचा धंदा छापील स्वरलिपीच्या विक्रीवर चालत असे. दुकानात दिवसभर पियानोवर बसायचे आणि कंपनीची नवी गाणी येणाऱ्या-जाणाऱ्या गायकांना वाजवून दाखवायची, असे त्याचे काम होते. एकच गाणे दिवसातून अनेकदा वाजवताना त्यात बदल करत राहण्याची सवय त्याला इथेच लागली. १९१९ साली लिहिलेले ‘स्वानी’ हे गाणे अ‍ॅल जॉल्सनने गायले आणि गर्श्विनचे नाव देशभर झाले. १९२४ पासून थोरला भाऊ आयरा त्याचा कायमचा गीतकार झाला.

हार्लेम भागातले कृष्णवर्णीय पियानोवादक हे त्याचे दुसरे विद्यालय. जेम्स पी. जॉन्सन, विली ‘द लायन’ स्मिथ, लकी रॉबर्ट्स ही मंडळी ‘स्ट्राइड’ शैलीत वाजवत. डावा हात खालच्या स्वरावरून मधल्या कॉर्डवर सतत झेपा घेत लय धरतो आणि उजवा हात त्या लयीला छेद देत खेळतो, असे या वादनाचे स्वरूप. गर्श्विन ते आवर्जून ऐकायला जात असे. त्याच्या चालींतला समेला चकवणारा ठेका आणि ब्लूजमधले किंचित उतरलेले स्वर तिथून आले. जॅझने गर्श्विनकडून घेतले, त्याआधी गर्श्विनने जॅझकडून भरपूर घेतले होते.

१२ फेब्रुवारी १९२४ रोजी न्यूयॉर्कच्या एओलियन हॉलमध्ये पॉल व्हाइटमनच्या वाद्यवृंदाने त्याची ‘ऱ्हॅप्सोडी इन ब्लू’ प्रथम सादर केली. रचनेच्या सुरुवातीला क्लॅरिनेटवर वर चढत जाणारे सुटे स्वर लिहिलेले होते. तालमीत रॉस गोर्मन या वादकाने ते मींड घेतल्यासारखे सलग ओढून वाजवले. गर्श्विनला ते इतके आवडले की रचनेची सुरुवात कायमची तशीच झाली. पियानोचा सगळा भागही त्या दिवशी कागदावर नव्हता. पियानोवर स्वतः गर्श्विन होता, आणि एके ठिकाणी संहितेत वाद्यवृंदासाठी एवढीच सूचना होती की त्याने मान हलवेपर्यंत थांबावे. १९३२ मध्ये त्याने आपल्या १८ गाण्यांचे एक पुस्तक काढले. त्यात प्रत्येक गाण्याबरोबर त्याने स्वतः पियानोसाठी बांधलेला विस्तारही दिला आहे. आपली चाल ही पुढच्या वादनाची सुरुवात आहे, असे तो स्वतःच मानत होता.

गाण्याचा साचा

ब्रॉडवेच्या गाण्याचे सहसा दोन भाग असत. पहिला भाग प्रास्ताविक. संवादातून गाण्यात शिरण्यासाठी तो उपयोगी पडे. दुसरा भाग म्हणजे मुख्य गाणे. ते बहुधा ३२ बारांचे असे आणि एका बारात चार मात्रा धरलेल्या असत. या ३२ बारांचे आठ-आठचे चार खंड पडतात. पहिला, दुसरा आणि चौथा खंड जवळजवळ सारखे असतात आणि तिसऱ्यात चाल वेगळ्या वाटेने जाऊन परत येते. या तिसऱ्या खंडाला वादक ‘ब्रिज’ म्हणतात. चालीच्या खाली ठरावीक क्रमाने कॉर्ड बदलत राहतात. एकाच वेळी वाजणाऱ्या तीन-चार स्वरांचा समूह म्हणजे कॉर्ड.

जॅझवादकांनी प्रास्ताविक बहुतेक वेळा गाळले आणि मुख्य भाग घेतला. आधी सर्वांनी मिळून चाल वाजवायची. मग तेच ३२ बार आवर्तनासारखे फिरत ठेवून एकेका वादकाने त्यावर आयत्या वेळी नवे संगीत रचायचे, आणि शेवटी मूळ चालीवर यायचे. एकेकाच्या या वादनाला सोलो म्हणतात. मराठी रसिकाला यातला अर्धा भाग ओळखीचा आहे. रंगभूमीवरचे नाट्यपद मैफलीत आले की गायक त्याचा विस्तार करतो, आणि नाटक मागे पडले तरी पद उरते. फरक विस्ताराच्या आधारात आहे. नाट्यपद फुलवणारा गायक रागाला धरून राहतो, तर जॅझवादक कॉर्डांच्या क्रमाला. तो क्रम सांभाळला की मूळ चालीतला एकही स्वर न वाजवता तो त्याच गाण्यात राहू शकतो.

‘द मॅन आय लव्ह’ या गाण्याची कथा या संदर्भात बोलकी आहे. ते १९२४ च्या ‘लेडी, बी गुड!’ या संगीतिकेसाठी लिहिले गेले, पण सुरुवातीच्या प्रयोगांतच गाळले गेले. १९२७ मध्ये ते दुसऱ्या एका संगीतिकेत घातले, तर ती संगीतिकाच तेव्हा न्यूयॉर्कपर्यंत पोचली नाही. रंगभूमीवर ज्याला धड जागा मिळाली नाही, ते गाणे जॅझच्या वादकांनी आपल्या कायमच्या संग्रहात घेतले.

चाल राखणारे

पहिल्या पिढीतले वादक-गायक चाल ओळखू येईल अशी ठेवत आणि आपला सूर, उच्चार, लय यांनी तिला वेगळे रूप देत. बिली हॉलिडेने १९३६ मध्ये ‘समरटाइम’ ध्वनिमुद्रित केले. गर्श्विनच्या ‘पोर्गी अँड बेस’ या ऑपेरात हे बाळाला झोपवताना गायचे गाणे आहे, उंच पट्टीच्या शास्त्रशुद्ध आवाजासाठी लिहिलेले. हॉलिडेचा आवाज मर्यादित पल्ल्याचा होता. तिने शब्द मात्रेच्या जरा मागे ठेवले आणि मागे बनी बेरिगनच्या ट्रम्पेटने गुरगुरता सूर धरला. अंगाईची जागा ब्लूजने घेतली. १९३९ मध्ये सिडनी बेशे याने हेच गाणे सोप्रानो सॅक्सोफोनवर वाजवले. त्याचा सूर रुंद, कंपनाने भरलेला आणि आर्जवी आहे. त्याच वर्षी सुरू झालेल्या ब्लू नोट या कंपनीला या मुद्रिकेने पहिले मोठे यश मिळवून दिले.

लेस्टर यंगचे पहिले ध्वनिमुद्रण १९३६ मध्ये शिकागोत झाले आणि त्यातही गर्श्विनचे गाणे होते. ‘ओ, लेडी बी गुड’ या गाण्यावर यंगने टेनर सॅक्सोफोनवर दोन आवर्तने, म्हणजे ६४ बारांचा सोलो वाजवला. तोवरच्या टेनरवादकांचा सूर जड आणि भरदार असे. यंगने तो हलका केला आणि वाक्ये खंडांच्या सीमा ओलांडून पुढे नेली. पुढच्या पिढीने हा सोलो रेकॉर्डवरून ऐकून पाठ केला. त्या पिढीत सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करही होता. एला फिट्झजेराल्डने १९४७ मध्ये याच गाण्यावर शब्द सोडून निरर्थक अक्षरांत केलेला विस्तार ‘स्कॅट’ गायकीचा नमुना मानला जातो. आवाज वाद्यासारखा कसा चालवावा, हे तीन मिनिटांत ती दाखवते.

१९४३ च्या डिसेंबरात टेनर सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सने ‘द मॅन आय लव्ह’ वाजवले. हे संथ गाणे त्याने दुप्पट लयीत घेतले. या मुद्रणात ऑस्कर पेटिफर्डचा डबल बेसवरचा सोलो आहे. वाक्य संपले की त्याने जोरात घेतलेला श्वास ध्वनिमुद्रिकेत स्पष्ट ऐकू येतो. बेस हातांनी वाजवायचे वाद्य असले तरी पेटिफर्ड ते गायकासारखे श्वासागणिक वाक्ये तोडत वाजवत होता, हे त्या श्वासांवरून कळते. त्यानंतर हॉकिन्स दोन आवर्तने वाजवतो, आणि चाल मागे पडून कॉर्डांतून उमटणारे नवे स्वर पुढे येतात. जॅझ कुठल्या दिशेने निघाला होता, हे इथे ऐकू येते.

एका गाण्यावर शेकडो गाणी

‘आय गॉट ऱ्हिदम’ हे गाणे १९३० च्या ‘गर्ल क्रेझी’ या संगीतिकेतले. ते एथेल मर्मनने गायले. साथीला असलेल्या रेड निकोल्सच्या वाद्यवृंदात बेनी गुडमन, ग्लेन मिलर आणि जीन क्रुपा हे पुढे नावाजलेले वादक होते. गाण्याची चाल अगदी थोड्या स्वरांची आहे. पहिल्या ओळीचे स्वर सरगमात मंद्र प, ध आणि मध्य सा, रे असे येतात. दुसरी ओळ तेच चार स्वर उलट क्रमाने घेते. गंमत ठेक्यात आहे. स्वर ठोक मात्रेवर न येता तिच्या आगेमागे येतात, त्यामुळे साधी चालही उसळती वाटते.

वादकांना मात्र या गाण्यातली कॉर्डांची रचना अधिक भावली. आठ बारांच्या खंडात कॉर्ड दर दोन मात्रांनी बदलत पुन्हा पुन्हा षड्जावर येतात. ब्रिजमध्ये उलट संथपणा आहे. ग, ध, रे आणि प या स्वरांवर उभे असलेले चार कॉर्ड प्रत्येकी दोन बार थांबतात आणि अखेरीस षड्जाकडे परततात. म्हणजे एका आवर्तनात जवळून फिरण्याची आणि दूर जाऊन येण्याची, अशा दोन्ही संधी मिळतात. मूळ गाणे ३४ बारांचे आहे, कारण शेवटी दोन बारांचे शेपूट जोडलेले आहे. जॅझवादकांनी ते कापून ३२ बारांचे चोख आवर्तन केले.

या कॉर्डांवर नव्या चाली बांधण्याची प्रथाच पडली. लेस्टर यंगचे ‘लेस्टर लीप्स इन’ १९३९ चे, ड्यूक एलिंग्टनचे ‘कॉटन टेल’ १९४० चे. बीबॉप शैलीच्या काळात पार्करने ‘मूस द मूच’ रचले, पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांचे ‘अँथ्रॉपॉलॉजी’ आले, १९५४ मध्ये सॉनी रोलिन्सचे ‘ओलिओ’ आणि नंतर थेलोनिअस मंकचे ‘ऱ्हिदम-अ-निंग’. ऐकणाऱ्याला यात ‘आय गॉट ऱ्हिदम’ ओळखूही येत नाही. वादक मात्र या रचनेला आजही ‘ऱ्हिदम चेंजेस’ म्हणतात. अनोळखी वादक एकत्र जमले तरी तेवढे दोन शब्द आणि पट्टी सांगितली की पुरते.

या प्रथेमागे दोन कारणे होती. पहिले संगीतातले. बीबॉपचे वादक अतिद्रुत लयीत, लांबलचक आणि वळणदार वाक्ये वाजवत. त्यांना पायाखाली ओळखीची जमीन हवी होती, पण वर जुनी चाल नको होती. दुसरे कारण व्यवहाराचे. अमेरिकेच्या कायद्यात चाल आणि शब्द यांवर स्वामित्वहक्क मिळतो, कॉर्डांच्या सर्वसामान्य क्रमावर मिळत नाही. जुने गाणे वाजवले तर मानधन मूळ संगीतकाराकडे आणि प्रकाशकाकडे जाई. त्याच कॉर्डांवर नवी चाल बांधली तर ती वादकाच्या नावावर लागे. फार थोड्या पैशांत ध्वनिमुद्रण करणाऱ्या कृष्णवर्णीय वादकांसाठी ही बाब लहान नव्हती.

चाल सोडणारे

कॉर्डांवर नवी चाल बांधणे एक, आणि मूळ गाण्याचे नाव कायम ठेवून त्याची चालच न वाजवणे वेगळे. २८ ऑक्टोबर १९४७ रोजी चार्ली पार्करने ‘एम्ब्रेसेबल यू’ हे संथ गाणे मुद्रित केले. साथीला तरुण माइल्स डेव्हिस ट्रम्पेटवर, ड्यूक जॉर्डन पियानोवर, टॉमी पॉटर बेसवर आणि मॅक्स रोच ड्रमवर होता. पहिल्या टेकमध्ये, म्हणजे पहिल्या खेपेच्या मुद्रणात, पियानोच्या छोट्या प्रस्तावनेनंतर पार्कर मूळ चालीऐवजी सहा स्वरांचा एक तुकडा वाजवतो. तो तुकडा खालचा कॉर्ड बदलेल तसा जागा बदलून पुन्हा येतो, मग लांबतो, आणि त्यातून एक अखंड वाक्य निघते. गर्श्विनची चाल क्वचित कुठे डोकावते. लगेच केलेल्या दुसऱ्या टेकमध्ये पार्करने जवळजवळ पूर्ण वेगळे संगीत वाजवले. काही मिनिटांच्या अंतराने एकाच गाण्यातून दोन स्वतंत्र रचना निघाल्या, आणि दोन्ही टेक पुढे प्रसिद्ध झाले. पार्कर गाण्याशी एकनिष्ठ नव्हता असे मात्र म्हणता येत नाही. गाण्यातली हळुवार जवळीक त्याच्या प्रत्येक वाक्यात आहे, फक्त तिचे स्वर त्याचे आहेत.

२४ डिसेंबर १९५४ रोजी न्यू जर्सीतल्या रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत डेव्हिसने ‘द मॅन आय लव्ह’ घेतले. पियानोवर मंक आणि व्हायब्राफोनवर मिल्ट जॅक्सन होता. दुसऱ्या टेकमध्ये बेस आणि ड्रम दुप्पट लयीत धावत असताना मंक मूळ चाल त्यांच्यावर अतिशय ताणून, एकेक स्वर सुटा करून वाजवू लागतो, आणि मध्येच थांबतो. बार जात राहतात, पियानो गप्प. मग डेव्हिसचा ट्रम्पेट एक वाक्य टाकतो आणि मंक पुन्हा सुरू होतो. या शांततेतही गाणे तुटत नाही, कारण सर्व वादकांच्या मनात ३२ बारांचा हिशेब चालू असतो. साचा किती पक्का आहे, हे वादक थांबल्यावरच नीट कळते.

‘पोर्गी अँड बेस’

गर्श्विनची सर्वांत महत्त्वाकांक्षी रचना म्हणजे ‘पोर्गी अँड बेस’ हा ऑपेरा. ड्युबोस हेवर्डच्या ‘पोर्गी’ या कादंबरीवर तो आधारला आहे. दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनमधली कृष्णवर्णीयांची वस्ती हे त्याचे स्थळ. १९३४ च्या उन्हाळ्यात गर्श्विन तिथल्या किनाऱ्यावरच्या फॉली बेटावर जाऊन राहिला आणि आसपासच्या कृष्णवर्णीय मंडळींचे प्रार्थनागायन त्याने ऐकले. १९३५ च्या ऑक्टोबरात ब्रॉडवेवर आलेला हा ऑपेरा १२४ प्रयोगांनंतर बंद पडला आणि पैसे घालणाऱ्यांना तोटा झाला. दोन वर्षांत, ११ जुलै १९३७ रोजी, मेंदूतल्या गाठीमुळे अवघ्या ३८ व्या वर्षी गर्श्विनचे निधन झाले.

गोऱ्या संगीतकाराने आणि गोऱ्या लेखकाने कृष्णवर्णीयांचे जीवन रंगवावे का, त्यातली जुगार-मारामारीची चित्रे साचेबंद नाहीत का, हे प्रश्न पहिल्या प्रयोगापासून विचारले गेले आणि ते रास्त आहेत. कृष्णवर्णीय जॅझकलावंतांनी या गाण्यांना दिलेले रूप म्हणूनच महत्त्वाचे ठरते. त्यांनी कथानक बाजूला ठेवले आणि गाण्यांना आपल्या अनुभवाचा आवाज दिला.

१९५९ मध्ये या ऑपेरावर हॉलिवूडचा चित्रपट आला आणि त्याच्या आगेमागे जॅझमध्ये ‘पोर्गी’च्या मुद्रिकांची रीघ लागली. एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग यांनी १९५७ मध्ये मोठ्या वाद्यवृंदासह ही गाणी गायली. तिचा नितळ आणि त्याचा खरखरीत आवाज यांची ती जोडी आहे. नीना सिमोनला ‘आय लव्ह्ज यू, पोर्गी’ या गाण्यानेच प्रथम देशभर ओळख मिळवून दिली.

या सर्वांत दूरवर पोचले ते माइल्स डेव्हिस आणि संयोजक गिल इव्हान्स यांचे १९५८ चे ध्वनिमुद्रण. इव्हान्सने फ्रेंच हॉर्न, ट्यूबा, बासऱ्या यांचा वाद्यवृंद बांधला आणि पियानो वगळला. पियानो नसल्याने कॉर्ड सतत भरून काढणारे कुणी उरले नाही आणि ट्रम्पेटभोवती मोकळी जागा तयार झाली. ‘समरटाइम’मध्ये डेव्हिसने ट्रम्पेटच्या तोंडात हार्मन म्यूट हे धातूचे बूच बसवले आहे. त्यामुळे सूर बारीक आणि कानाशी बोलल्यासारखा येतो. मागे वाद्यवृंद एकच छोटे वाक्य रंग बदलत घोळवत राहतो. ‘आय लव्ह्ज यू, पोर्गी’मध्ये इव्हान्सने डेव्हिसला कॉर्डांची यादी न देता एक स्वरसप्तक लिहून दिले. कॉर्डांच्या शर्यतीतून सुटून स्वरसप्तकात मुक्त फिरण्याची ही रीत पुढच्याच वर्षी ‘काइंड ऑफ ब्लू’ या मुद्रिकेत पूर्ण फुलली.

पुढची वाटचाल

चार्ल्स मिंगसने १९५६ मध्ये ‘अ फॉगी डे’ घेतले. मूळ गाणे धुक्यातल्या लंडनचे. मिंगसने ते सॅन फ्रान्सिस्कोत नेले आणि वाद्यांतून भोंगे, शिट्ट्या, रहदारीचा गोंगाट काढला. १९६० मध्ये जॉन कोल्ट्रेनने ‘समरटाइम’मधली अंगाई पूर्ण झटकून टेनर सॅक्सोफोनवर ते धारदार सुरात, सुसाट वाजवले. त्याच सत्रांत ‘बट नॉट फॉर मी’ या गाण्याच्या कॉर्डांमध्ये त्याने स्वतःचे नवे कॉर्ड पेरले. कॉर्डांची चौकट मोडणारा ऑर्नेट कोलमनही त्याच वर्षी ‘एम्ब्रेसेबल यू’कडे वळला. दुसऱ्या टोकाला एला फिट्झजेराल्डने १९५९ मध्ये नेल्सन रिडलच्या संयोजनात गर्श्विन बंधूंच्या गाण्यांचा पाच रेकॉर्डचा संच काढला. त्यात वादकांनी गाळलेली अनेक प्रास्ताविके परत आली आणि आयराच्या शब्दांना त्यांचे मोल मिळाले. १९९६ मध्ये मार्कस रॉबर्ट्स या पियानोवादकाने ‘ऱ्हॅप्सोडी इन ब्लू’मध्ये आयत्या वेळचा विस्तार पुन्हा आणला.

गर्श्विनच्या जन्मशताब्दीला, १९९८ मध्ये, हर्बी हँकॉकने ‘गर्श्विन्स वर्ल्ड’ ही मुद्रिका केली. तिच्यात गर्श्विनच्या गाण्यांशेजारी जेम्स पी. जॉन्सनची रचना आहे, आणि एलिंग्टनचे ‘कॉटन टेल’ही आहे. ज्यांच्याकडून गर्श्विन शिकला आणि ज्यांनी त्याच्या गाण्यांतून नवे घडवले, अशा दोघांनाही हँकॉकने एकत्र बसवले. या संगीताची खरी वंशावळ तीच आहे.

अमेरिकेच्या कायद्यानुसार त्या काळातल्या गाण्यांचे स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ९५ वर्षांनी संपतात. ‘ऱ्हॅप्सोडी इन ब्लू’ १ जानेवारी २०२० रोजी खुली झाली, तर ‘आय गॉट ऱ्हिदम’ आणि ‘एम्ब्रेसेबल यू’ १ जानेवारी २०२६ रोजी. कॉर्ड तर कधीच सर्वांचे होते, आता तिथे या चालीही सर्वांच्या झाल्या आहेत.